पिवळ्या पाइपातली हवा

"ये क्या है, अंकल?" मेट्रोच्या तपासणीतल्या जवानानं माझ्या स्वेटरवरून यंत्र फिरवता फिरवता खिसा चाचपला आणि हात तिथंच ठेवला. यंत्र वाजलं नव्हतं. मागे रांग, जानेवारीची बोचरी थंडी, कंपनीच्या बसमध्ये तासभर आखडलेले गुडघे. मी वैतागूनच खिशात हात घातला आणि बाहेर आली एक काळी रबरी चकती. तान्ह्या मुलीच्या बांगडीएवढी, मध्ये भोक, कडेला कारखान्यातली पांढरी पूड अजून तशीच. "रबर है, ट्रक का," मी म्हणालो. "अच्छा, चलो," तो म्हणाला. मी चार पावलं चाललो आणि मग चालवेना. चकती कोरी होती. कोरी चकती माझ्या खिशात असायला नको होती. एव्हाना ती एका ट्रेलरच्या पिवळ्या पाइपाच्या जोडात बसलेली असायला हवी होती. तो ट्रेलर सव्वीस टन पोलादाच्या गुंडाळ्या घेऊन पावणेपाचला मानेसरच्या आमच्या यार्डातून चाकणकडे निघून गेला होता, आणि त्याच्या कागदावर 'जोडणी तपासली' या ओळीपुढं माझी सही होती. घड्याळात पाच चाळीस झाले होते.

आता हे जोडणी प्रकरण काय ते सांगून टाकतो, कारण माझ्या सख्ख्या बायकोलासुद्धा ते कळायला सहा वर्षं लागली. पुढच्या इंजिनवाल्या गाडीला आमच्यात घोडा म्हणतात आणि मागच्याला ट्राला. घोडा ट्राल्याला ओढतो, पण ट्राल्याचे ब्रेक लागायचे तर घोड्याकडून मागे हवा जावी लागते. ती दोन पाइपांतून जाते. एक लाल, एक पिवळा. दोघांच्या टोकांना लोखंडी पंजे असतात, ते एकमेकांत अडकवायचे, आणि दोन पंजांच्या मध्ये ही रबरी चकती. एवढंच. लाल पाइपात हवा सतत भरलेली. तो सुटला की ट्राल्याची चाकं आपोआप जाम होतात, म्हणजे लाल बोंब मारतो. पिवळा मात्र मिटल्या तोंडाचा. ड्रायव्हरनं पायाखालचा ब्रेक दाबला तरच त्यातून हवा जाते. मध्ये चकती नसेल तर थोडी मागे पोचते आणि बाकीची वाटेत सांडते. घोडा थांबायला बघतो आणि ट्राला थांबत नाही. सपाट रस्त्यावर, हळू जाताना हे पुष्कळदा कळतही नाही. जोरात ब्रेक मारावा लागला की कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. गेली अकरा वर्षं मी रोज वीस-पंचवीस जोड बघतो. लोखंडाला लोखंड लागलेलं मला डोळे मिटून हाताला कळेल, असं मी परवाच कँटीनमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं.

झालं काय, तर हणमंत आला. हणमंत त्या ट्राल्याचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. आमच्या यार्डात मेवातचे, अलवरचे, बलियाचे सगळे, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी तर जन्मानं दिल्लीचाच. वडील केंद्र सरकारात होते म्हणून तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, माझ्या मराठीला हिंदीचा वास येतो असं पुण्याचे नातेवाईक तोंडावर सांगतात. पण हणमंत महिन्यातून दोनदा येतो आणि "काय सायेब, बरं हाय न्हवं?" म्हणतो, तेव्हा मला जे वाटतं ते मी बायकोला, केतकीलाही सांगितलेलं नाही. मला बरं वाटतं. आज मी पिवळ्या जोडातली चिरलेली जुनी चकती काढून बादलीत टाकली होती, नवी हातात होती, आणि हा समोर कागदाची पुडी घेऊन उभा. "पालीला जाऊन आलो. खंडोबाचा प्रसाद हाय. वैनींसाठी म्हणून वायला बांधून घेतला." आता प्रसाद काही डाव्या हातानं घेत नाहीत, आणि उजवा हात ग्रीसनं काळा. मी चकती खिशात सारली, फडक्यानं हात पुसले, पुडी घेतली, कपाळाला लावली. मग यात्रेला गर्दी किती होती, त्याच्या बायकोचा मोडलेला पाय, यंदाची ज्वारी. बोलता बोलता मी दोन्ही पंजे एकमेकांत अडकवले. खट् आवाज आला. त्या आवाजानं माझं समाधान झालं. एरवी ड्रायव्हर वर केबिनमध्ये बसून ब्रेक दाबतो आणि मी खाली कान लावून ऐकतो, हा आमचा नेम. पण हणमंत खाली माझ्याशी बोलत उभा होता ना! गेटवरून हाका सुरू झाल्या. "वर चढून दाबू का एकदा?" त्यानं विचारलंही होतं. मी म्हणालो, "असू दे हो, मी बघितलंय." तो हसला. "मग झालंच की. तुमी बघितल्यावर मी कशाला बघतोय?"

मी मेट्रोत चढलो. गाडी कुठली, तर येलो लाइन. देवसुद्धा कधी कधी अशी फालतू थट्टा करतो. बसायला जागा मिळाली, तीही मला आवडली नाही. फोन काढला आणि हणमंतचा नंबर लावला. आमच्याकडे गाडी चालू असताना ड्रायव्हरचा फोन सीटखालच्या डब्यात कुलूपबंद असतो, बोलायचं तर कंट्रोल रूममधून, डॅशबोर्डवरच्या यंत्रावर. हे मला चांगलं ठाऊक होतं. तो फोन लागणार नाही हे माहीत होतं म्हणूनच मी तो लावला. तीनदा लावला. उद्या कुणी विचारलं तर फोनमध्ये तीन कॉल दिसले असते, हे माझ्या मनात आलं, आणि आलं तेव्हा मला लाज वाटली नाही, आधार वाटला. कंट्रोलचा नंबर त्याच्याच खाली होता. त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हणमंतची गाडी, सत्तावीस नंबर, थांबवा, मी चकती घातलेली नाही. दहा सेकंदांचं काम. सिकंदरपूर स्टेशन आलं. गेलं.

कंट्रोलला फोन केला की तो रेकॉर्ड होतो, गाडी थांबवल्याची नोंद होते, नोंदीत कारण लिहितात आणि कारणापुढं नाव. दिवाळीत एकदा मी लाल आणि पिवळा उलटे जोडले होते. गेटवरच लक्षात आलं, कुणाचं काही बिघडलं नाही, पण मॅनेजरनं सगळ्यांसमोर लेखी ताकीद दिली, वर "विलास जी, उम्र हो रही है क्या?" आता दुसरी चूक म्हणजे घरी. त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार? पण खरं सांगू का, नोकरीची भीती ही मी स्वतःपुढं केलेली सोय होती. मी चार वेळा यूपीएससी दिली आणि चारही वेळा पडलो. वडिलांनी पेढ्यांची ऑर्डर कुठं द्यायची तेही ठरवून ठेवलं होतं. मग डिप्लोमा, इकडेतिकडे नोकऱ्या, मग हे. केतकी केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सोसायटीच्या गणपतीत लोक तिला "मॅडम, मॅडम" करतात आणि मला खुर्च्या मोजायला लावतात. आख्ख्या जगात एक माणूस माझी सही बघून डोळे मिटून सव्वीस टन घेऊन निघतो. तो उद्यापासून माझ्या मागून स्वतः वाकून जोड बघेल, काही बोलणार नाही, नुसता बघेल, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. असल्या क्षुद्र गोष्टीसाठी माणूस गप्प बसू शकतो हे मला कुणी दुसऱ्याबद्दल सांगितलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

छतरपूरला बाहेर धुकं दिसलं. पाच दिवस सूर्य नाही, नुसतं पिवळट दूध सांडल्यासारखं. समोर बसलेली एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हायवे पे कुछ दिख नहीं रहा यार, बिल्कुल ज़ीरो." मी तिच्याकडे इतका रोखून बघत राहिलो की तिनं ओढणी सारखी केली. मनात हिशोब चालू. पावणेपाचला सुटला, धुक्यात विसाच्या वर जाणार नाही, म्हणजे आता धारूहेड्याच्या अलीकडे. तिथं सिग्नल, रिक्षा, कारखान्यांची सुट्टी. मग मी उलटा हिशोब मांडायचो. हणमंत वीस वर्षांचा ड्रायव्हर आहे, त्याला पायाखाली कळेलच. लोखंडाला लोखंड घट्ट बसलं असेल तर थोडी हवा जातेच. लाल पाइप तर ठणठणीत आहे. कुतुब मिनार स्टेशन येईपर्यंत मी जवळजवळ निवांत झालो होतो. आणि मग ब्रेक लागला, साधा स्टेशनवर लागतो तसा. आम्ही सगळे उभे-बसलेले एकदम पुढे झुकलो, आणि मी शेजारचा दांडा घट्ट धरला.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी दुमडलेली गाडी बघितली होती. आमच्या यार्डाची नव्हती. खेडकी दौलाच्या पुढे, भर दुपारी. घोडा थांबला होता, ट्राला थांबला नव्हता. तो बाजूनं फिरून आपल्याच घोड्याच्या केबिनवर येऊन टेकला होता. आमचे जुने फिटर विष्णूजी मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले होते. गर्दी होती, पण कुणी जवळ जात नव्हतं. पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ होतं, आणि त्या केबिनचे वायपर चालू होते. आपटताना कशाचा तरी धक्का लागला असेल. कोरड्या, तडकलेल्या काचेवर ते करकर करत इकडून तिकडे जात होते आणि आत माणूस होता. विष्णूजींनी पाइपाकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, "देख ले." मी पाइपाकडे बघितलंच नाही. त्या रात्री जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फेस येतो का ते बघायला लागलो. किती वर्षं टिकलं ते? दोन. फार तर अडीच. मग हाताला सवय झाली आणि साबणाची बाटली कपाटाच्या वर गेली.

आयएनएला गाडी बदलली, पिंक लाइन घेतली. यमुना ओलांडताना खाली पाणी दिसलं नाही, फक्त गारठा आत आला. मयूर विहारला उतरून ई-रिक्षा न करता मी चालत निघालो. लवकर घरी पोचायचं नव्हतं. वाटेत दोनदा फोन काढला, दोनदा ठेवला. एकदा तर कंट्रोलचा नंबर लागलासुद्धा, "हॅलो" ऐकू आलं, आणि मी कापला. मी भ्याडपणा करतोय हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता, हे सगळ्यात वाईट.

घरी केतकीनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि "चहा टाकते" म्हणाली. मी पुडी टेबलावर ठेवली. आमची मुलगी अपूर्वा कॉलेजातून येऊन रजईत शिरली होती. "पालीचा प्रसाद आहे, भंडारा," मी म्हणालो, तर ती तिथूनच ओरडली, "भंडारा? किधर? पूरी-आलू मिलेगा?" दिल्लीत वाढलेल्या पोरीला भंडारा म्हणजे देवळातलं फुकटचं जेवण; एरवी मी पोट धरून हसलो असतो. केतकीनं पुडी उलगडली. खोबऱ्याचे तुकडे, खारीक, आणि वेगळ्या कागदात पिवळीधमक हळद. तिनं देवापुढं ठेवली, माझ्या कपाळाला लावली. बोट गार होतं.

"कुणी दिला?"

"हणमंतनं."

नाव तोंडातून बाहेर पडलं आणि माझा आवाज फाटला. तिला वाटलं सर्दी. "किती लक्षात ठेवून आणतात बिचारे. बायकोचा पाय बरा आहे का त्यांच्या? अहो, पोचला म्हणून निरोप तरी द्या. आत्ताच करा फोन, नाहीतर तुमचं आहेच, उद्या-परवा."

"गाडीवर आहे तो."

"मग कंट्रोलवरून करा. गेल्या वर्षी नव्हता का केलात? प्रसाद आला की पोचल्याचं सांगावं माणसानं. एवढी काय रीत सुटली आपली?"

ती रीत म्हणून बोलत होती, आणि मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो. दीड तास जे मला जमलं नव्हतं ते तिच्या एका दटावण्यानं झालं, हे लिहितानाही मला माझाच राग येतो. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कंट्रोलवर जयदीप होता, रोहतकचा मुलगा.

"सत्ताईस नंबर से बात करवा दे, भाई."

"कोई इमर्जन्सी, विलास जी?"

इथंही मला संधी होती. "नहीं," मी म्हणालो, "घर की बात है."

"रिकॉर्ड होता है, पता है ना?"

"मराठी में करूँगा."

"फिर तो किसी के बाप को समझ नहीं आएगा," तो हसला आणि त्यानं जोडून दिला. खरखर झाली, त्यातून इंजिनाचा घरघराट, आणि मग हणमंतचा आवाज, अगदी कानाशी.

"सायेब! आवं काय योग! परसाद पोचला?"

तो जिवंत होता. मी कठडा धरला. "पोचला. सहजच केला फोन," मी म्हणालो. हो, हेच म्हणालो. "सगळं ठीक ना?"

"ठीक म्हंजे, धुकं लई हाय. अन् आज ही बया मागनं ढकलतीय ओ. मगाशी पंधरा मिंटांमागं एक मोटारसायकल एकदम फुडं आली. नवरा-बायकू. मी दाबला ब्रेक, तर घोडा थांबतुय अन् मागचं थांबंना. हातभर ऱ्हायलं सायेब, हातभर. त्या बाईनं मागं वळून बघितलं. म्हटलं पोलादाचं वजन, वला रस्ता, आनि काय? पाइप तर तुमी बघितल्यालं हाय."

पंधरा मिनिटांपूर्वी मी मयूर विहारच्या फुटपाथवर फोन खिशात ठेवत होतो.

"हणमंतराव," मी म्हणालो, "मी बघितलेलं नाही."

"आं?"

"पिवळ्यात चकती नाही. माझ्या खिशात राहिली. तुम्ही पुडी दिलीत तेव्हा. आता नीट ऐका, ब्रेकवर भरवसा ठेवू नका. गिअर उतरवत या, हळूहळू डावीकडे घ्या. पुढे काय आहे?"

"टोलची रांग. दिवं दिसाय लागल्यात." त्याचा आवाज पार बदलला होता. गिअर पडल्याचा आवाज आला, इंजिन ओरडलं. पुन्हा एकदा. कुणीतरी हॉर्न वाजवत बाजूनं गेलं. मी बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत होतो, चौथ्या मजल्यापर्यंत आलो की परत पहिल्यापासून. आत केतकी अपूर्वाला म्हणत होती, नारळाचा तुकडा असा चावू नकोस, आवाज होतो. मग एक लांब सुस्कारा ऐकू आला, सांडणाऱ्या हवेचा. यंत्रातूनसुद्धा मला तो ओळखू आला. आणि इंजिन मंद झालं.

"थांबली," हणमंत म्हणाला. "बघून येतो."

यंत्र चालूच होतं. रिकाम्या केबिनमध्ये धोक्याच्या दिव्यांची टिकटिक ऐकू येत होती. मध्येच जयदीपनं तोंड घातलं, "सत्ताईस, क्यों रुका?" हणमंत खाली होता, मी फोन कानापासून जरा लांब धरला. सहा-सात मिनिटं गेली. दार आपटलं.

"टायर चेक करने रुका था, निकलता हूँ," त्यानं आधी जयदीपला सांगितलं, आणि तो बाजूला झाल्यावर खालच्या आवाजात मला म्हणाला, "रबर न्हवतंच. माज्या पेटीत एक पडल्यालं हुतं, ते बसवलं. आता हाय बरूबर. तुमचं नाव मी कुटं काढत न्हाई, काळजी करू नगा."

"चूक माझी आहे, हणमंतराव."

"चूक व्हतीच की माणसाची. म्याच तुमाला बोलण्यात लावलं." बाजूनं एक अवजड गाडी गेली, मग दुसरी. "पर तुमाला कळलं कवा?"

मेट्रोतला तो जवान, सिकंदरपूर, छतरपूर, पुलाखालचं न दिसणारं पाणी, दोनदा खिशात परत गेलेला फोन. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. एक आकडा सांगायचा होता. पाच चाळीस.

"आत्ताच," मी म्हणालो. "घरी येऊन स्वेटर काढला तेव्हा."

"तरीच! अन् तसाच फोन लावला तुमी." त्यानं मोठा श्वास सोडला. "दुसरा कुणी असता तर आदी सोताची नोकरी बघत बसला असता, सायेब."

"हो," मी म्हणालो.